गरोदरपणात शुगर निघाल्यापासून वहिनी सारखी रडते, जेवायलाही घाबरते. काय करावं? आम्ही नाशिकला राहतो.

धक्का बसणं, चार दिवस रडू येणं समजण्यासारखं आहे. पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल, झोप उडाली असेल किंवा साखर वाढेल म्हणून ती उपाशी राहत असेल, तर मदत आताच घ्या. बाळंतपणानंतर बघू, असं अजिबात करू नका.

आधी तिच्या मनातला अपराधीपणा काढा. वारेतून (प्लॅसेंटातून) स्रवणाऱ्या हार्मोन्समुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, म्हणून साखर वाढते. 'डोहाळजेवणात पेढे खाल्लेस ना!' असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना तुम्ही थांबवा, तिच्यावर सोडू नका. सगळ्यांनी मिळून तिच्या ताटावर पहारा ठेवणं तर मला फार क्रूर वाटतं. दोन द्राक्षं उचलतानाही तिला चोरी केल्यासारखं वाटू नये. किती खायची ते आहारतज्ज्ञ सांगतील.

साधारणपणे उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत साखर ठेवायची असते. एखादा आकडा थोडा वर गेला म्हणून लगेच बाळाला इजा होत नाही. डॉक्टर एकूण कल पाहतात.

पुढच्या तपासणीत शुगरच्या वहीसोबत रडणं, झोप, भीती हेही स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. उदासीवर गरोदरपणात देता येणारी औषधंही आहेत, पण बहुतेकदा सुरुवात समुपदेशनाने होते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत, मोफत, रात्रीही बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं ती बोलली, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी सिव्हिलला किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा.