वाचक विचारतात : वाइनवरच्या वाढीव शुल्काला हरकत कशी घ्यावी?

एअरबस या युरोपीय विमान कंपनीला मिळालेल्या सरकारी अनुदानांच्या वादातून अमेरिकेने 18 ऑक्टोबर 2019 पासून फ्रान्स, जर्मनी, स्पेन आणि ब्रिटनच्या साध्या वाइनवर (म्हणजे बुडबुडे नसलेल्या), ब्रिटनच्या सिंगल माल्ट व्हिस्कीवर आणि युरोपातल्या काही लिक्युअरवर (गोड मद्यांवर) 25 टक्के जादा आयात शुल्क लावलं. 2021 मध्ये ते पाच वर्षांसाठी स्थगित झालं. ही मुदत जुलै 2026 मध्ये भरते. 2019-20 मध्ये अमेरिकी सरकारने दोन-तीनदा लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. पुन्हा तशी वेळ आली तर काय करायचं, असं विचारणारी पत्रं तिकडच्या मराठी दुकानदारांकडून आली, काही इथूनही आली. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

शुल्क फ्रान्सच्या मालावर आहे, तेव्हा ते फ्रेंच कंपनी भरणार. न्यू जर्सीत माझं लहानसं लिकर स्टोअर आहे. मी कशाला हरकत घेऊ?

शुल्क फ्रेंच कंपनी भरत नाही. अमेरिकेतला आयातदार भरतो, माल सुटल्यावर कामकाजाच्या 10 दिवसांच्या आत आणि रोख. ती रक्कम पुढे तुमच्या दुकानापर्यंत येते, आणि येताना फुगते.

हिशेबासाठी आठ डॉलरची बाटली घ्या. आयातदाराने 30 टक्के चढवले, वितरकाने 30 टक्के आणि दुकानदाराने 50 टक्के, तर गिऱ्हाइकाला ती 20 डॉलर 28 सेंटला पडते. 25 टक्के शुल्काने सुरुवातीची किंमत 10 डॉलर होते आणि त्याच टक्क्यांनी शेवटची किंमत 25 डॉलर 35 सेंटवर जाते. सरकारला मिळाले दोन डॉलर, गिऱ्हाइकाचे गेले पाच. प्रत्येकाने टक्के सोडून फक्त डॉलरमधला नफा कायम ठेवला तर वाढ दोनच डॉलर राहील. पण जास्त महाग मालात तेवढ्याच नफ्यासाठी जास्त भांडवल अडकतं, म्हणून तसं सहसा कोणी करत नाही.

हाच हिशेब उलट बाजूने वाचा. वीस डॉलरच्या बाटलीतले आठ डॉलर परदेशी गेले आणि बारा अमेरिकेतच राहिले : गोदाम, ट्रक, विक्री प्रतिनिधी, तुमचं दुकान, तुमच्या नोकरांचे पगार. बाटली आली नाही तर फ्रेंच शेतकऱ्याचे आठ बुडतात आणि अमेरिकेतल्या लोकांचे बारा. वाइनवरच्या शुल्काविरुद्धचा आमच्या मते सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे, आणि तो तुमच्या दुकानाच्या आकड्यांनिशी तुम्हीच मांडू शकता.

आयातदाराचं गणित त्याहून अवघड. 600 पेट्यांचा कंटेनर म्हणजे 7,200 बाटल्या, 57,600 डॉलरचा माल. नेहमीचं शुल्क लिटरला 6.3 सेंट, म्हणजे सगळ्या कंटेनरचे मिळून सुमारे 340 डॉलर. त्यात 25 टक्क्यांचे 14,400 वाढले. त्यातच सीमाशुल्क खात्याकडे ठेवायचा हमी बाँड वर्षभरात भरलेल्या शुल्काच्या साधारण 10 टक्के असावा लागतो. किमान बाँड 50,000 डॉलरचा असल्याने छोट्या आयातदाराचं तेवढ्यात भागत असे, शुल्क वाढलं की तो वाढवून घ्यावा लागतो. 2019 मध्ये समुद्रात असलेल्या मालालाही सूट नव्हती. ऑर्डर दिली तेव्हा शुल्क नव्हतं, बंदरात उतरला तेव्हा होतं. काही छोटे आयातदार हात आखडते घेतात ते याच भीतीने, आणि मग तुमच्या फळीवरची निवड आपोआप कमी होते.

हजारो लोक लिहितात. एवढं वाचतं कोण? काही फरक पडतो का?

झालं ते सांगतो. डिसेंबर 2019 मध्ये दोन वेगळे प्रस्ताव एकदम आले. एअरबसच्या वादात शुल्क 100 टक्क्यांपर्यंत नेण्याचा आणि यादी वाढवण्याचा, आणि फ्रान्सने बड्या इंटरनेट कंपन्यांवर लावलेल्या डिजिटल सेवा कराला उत्तर म्हणून शॅम्पेन, चीज, हँडबॅग वगैरेंवर 100 टक्क्यांपर्यंत शुल्काचा. एअरबसच्या प्रस्तावावर 13 जानेवारी 2020 पर्यंत वीस हजारांहून जास्त हरकती आल्या. 14 फेब्रुवारीच्या निर्णयात विमानांवरचं शुल्क 10 वरून 15 टक्क्यांवर गेलं, वाइनचं 25 वरच राहिलं. डिजिटल कराची अंतिम यादी जुलैमध्ये आली, तिच्यात सौंदर्यप्रसाधनं, साबण आणि हँडबॅग होत्या, शॅम्पेन नव्हती. त्याच उन्हाळ्यात युरोपची बिअर आणि जिन यादीत घालण्याचा प्रस्ताव होता, ऑगस्टच्या निर्णयात त्याही आल्या नाहीत.

हे हरकतींमुळेच घडलं असं सिद्ध करता येणार नाही. युरोपशी बोलणी चालू होती, संसदेतही दबाव होता. आणि दुसरी बाजूही तेवढीच खरी : आधी बसलेलं 25 टक्के शुल्क हरकतींनी हटलं नाही. उलट जानेवारी 2021 मध्ये फ्रान्स आणि जर्मनीची 14 टक्क्यांहून जास्त अल्कोहोलची वाइन आणि काही द्राक्ष-ब्रँडीही त्याखाली आल्या. आमचा निष्कर्ष असा की प्रस्ताव कच्चा असतो तेव्हा हरकतीचं वजन सर्वाधिक असतं. शुल्क एकदा लागू झालं की ते काढायला दोन्ही देशांचा समझोताच लागतो.

पत्रात नेमकं काय लिहायचं? संघटनेने एक तयार मजकूर पाठवला आहे, तोच चालेल का?

चालतो, पण मोजला जातो एक गठ्ठा म्हणून. तुमचं स्वतःचं दीड-दोन पानांचं पत्र त्यापेक्षा फार उपयोगी.

आधी अधिसूचना शोधा आणि तिच्यातले प्रश्न वाचा. व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने, म्हणजे यूएसटीआरने, 2019-20 मध्ये मुख्यतः दोन गोष्टी विचारल्या होत्या : अमुक मालावर शुल्क लावल्याने समोरचा देश ताळ्यावर येईल का, आणि त्याने अमेरिकेच्या हिताचं, विशेषतः लहान-मध्यम उद्योगांचं आणि ग्राहकांचं, प्रमाणाबाहेर नुकसान होईल का. बहुतेक पत्रं इथेच फसतात. वाइन ही संस्कृती आहे, आमची फ्रेंच बोर्दो महाग करू नका, असं लिहिणाऱ्याने दोन्हीपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलेलं नसतं.

पहिल्या ओळीत डॉकेट क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा नोंदणी क्रमांक. एअरबसचा होता यूएसटीआर-2019-0003, फ्रेंच डिजिटल कराचा यूएसटीआर-2019-0009. दोन्ही एकाच महिन्यात चालू होते. शॅम्पेनचं पत्र लिहून ते फक्त एअरबसच्या डॉकेटमध्ये टाकलं, तर डिजिटल कराच्या निर्णयापुरतं ते नसल्यासारखंच. मग मालाचा आठ अंकी शुल्क-संकेतांक. दोन लिटरपर्यंतच्या बाटलीतली, 14 टक्क्यांपर्यंत अल्कोहोलची नेहमीची साधी वाइन 2204.21.50 मध्ये येते, फसफसणारी 2204.10.00 मध्ये. नुसतं ‘वाइन’ लिहू नका. 2019 च्या यादीत शॅम्पेन नव्हती, 14 टक्क्यांवरची वाइन नव्हती, इटलीची कुठलीच वाइन नव्हती, कारण इटली एअरबसमधला भागीदार देश नाही. यादीत नसलेल्या मालाबद्दल तक्रार केली की वाचणाऱ्याला कळतं, याने परिशिष्ट उघडलेलंच नाही.

त्यानंतर एका वाक्यात मागणी : हा संकेतांक यादीतून वगळावा, किंवा आहे तो दर वाढवू नये. दोन्ही मागण्या वेगळ्या आहेत, आणि पहिली मान्य झाली नाही तर दुसरी, असा क्रमही लिहिता येतो.

मग तुमचे आकडे. किती माणसं कामाला आहेत, त्यांतली पूर्णवेळ किती. विक्रीतला किती टक्के वाटा त्या संकेतांकाच्या मालाचा. 25 टक्क्यांनी वर्षाला किती डॉलर वाढतील आणि 100 टक्क्यांनी किती. वितरकाला पैसे किती दिवसांत द्यावे लागतात. ‘आमचं मोठं नुकसान होईल’ या वाक्याला किंमत नाही. ‘आठ माणसं आहेत, दोन कमी करावी लागतील, कारण विक्रीतला 31 टक्के वाटा या मालाचा आहे’ याला आहे, अर्थात आकडे तुमच्या वहीतले असतील तरच. फुगवलेला आकडा सुनावणीत उघडा पडतो आणि शेजारच्या दुकानदाराच्या खऱ्या पत्रावरही शंका येते.

‘मग कॅलिफोर्नियाची वाइन विका’ या सूचनेचं उत्तर आधीच देऊन ठेवा. स्पेनची रिओहा किंवा फ्रान्सची सॉन्सेर ही त्या त्या प्रदेशाची नावं आहेत, तो माल दुसरीकडे होत नाही, आणि ती मागणारं गिऱ्हाईक त्याच किमतीची कॅलिफोर्नियातली नापा घेईलच असं नाही. पण त्याहून चांगला मुद्दा वेगळा आहे. अमेरिकेत 1933 मध्ये दारूबंदी उठल्यापासून बहुतेक राज्यांत माल आयातदार किंवा उत्पादक, मग वितरक, मग दुकानदार अशा टप्प्यांनीच जातो. ओरेगॉनचा छोटा वाइन उत्पादक दुसऱ्या राज्यात पोचतो तो त्याच वितरकाच्या ट्रकमधून, ज्याचं घर फ्रेंच-स्पॅनिश मालावर चालतं. तो वितरक अडचणीत आला तर देशी उत्पादकाचीही वाट बंद होते. यूएस वाइन ट्रेड अलायन्स या व्यापाऱ्यांच्या संघटनेने हा मुद्दा सातत्याने लावून धरला, आणि तो राजकारण्यांनाही पटकन समजतो.

परिणामकारकतेचा प्रश्न शेवटी घ्या, पण टाळू नका. विमान कंपनीच्या अनुदानावर फ्रान्सच्या बर्गंडीतल्या द्राक्ष उत्पादकाचा काही ताबा नाही. तो आपला माल लंडनला किंवा आशियात वळवू शकतो, तुम्ही तुमचं दुकान वळवू शकत नाही.

आकडे द्या म्हणता, पण माझी विक्री शेजारचा स्पर्धकही वाचेल ना?

वाचेल, हरकती सार्वजनिक असतात. त्यासाठी दोन प्रती द्यायची सोय आहे. गोपनीय प्रतीच्या फाइलचं नाव इंग्रजी ‘बीसी’ या अक्षरांनी सुरू करायचं, गोपनीय मजकूर असलेल्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘बिझनेस कॉन्फिडेन्शियल’ लिहायचं आणि ते आकडे चौकटी कंसात टाकायचे. सार्वजनिक प्रतीच्या फाइलचं नाव ‘पी’ने सुरू करायचं आणि तेच आकडे काढून टाकायचे.

होणाऱ्या चुका दोन. पीडीएफमध्ये आकड्यांवर नुसता काळा पट्टा ओढतात, आणि खालचा मजकूर कॉपी करून कोणालाही वाचता येतो. आकडे मूळ वर्ड फाइलमधून पुसा आणि मग नवी पीडीएफ करा. दुसरी चूक, सगळं पत्रच गोपनीय ठरवतात, मग सार्वजनिक प्रतीत काही उरत नाही. एकूण विक्री झाकायची असेल तर निदान टक्केवारी उघडी ठेवा.

पत्र जोडपत्र म्हणून वर्ड किंवा पीडीएफमध्ये द्यावं, परिशिष्टं त्याच फाइलमध्ये असावीत.

मी पुण्याची, बोस्टनमध्ये विद्यार्थी व्हिसावर आहे. नागरिक नसताना हरकत नोंदवता येते का?

येते. अधिसूचनेत ‘हितसंबंधित व्यक्ती’ असा शब्द असतो, नागरिकत्वाची अट नसते. परदेशी उत्पादक आणि त्यांच्या संघटनाही लिहितात. मात्र नाव आणि मजकूर जाळ्यावर कायम राहतो, तेव्हा घरचा पत्ता, फोन किंवा व्हिसाचा तपशील पत्रात घालू नका. ग्राहक म्हणून लिहायचं असेल तर अर्धं पान पुरे.

एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेत जवळजवळ सगळ्याच आयातीवर 10 टक्के शुल्क बसलं. तेव्हा हरकती का मागवल्या नाहीत?

कारण कायदा वेगळा वापरला. एअरबस आणि डिजिटल कराची प्रकरणं 1974 च्या व्यापार कायद्यातल्या कलम 301 खालची, त्यात लोकांचं म्हणणं ऐकण्याची पायरी आहे. 2025 चं शुल्क 1977 च्या आर्थिक आणीबाणीच्या कायद्याचा आधार घेऊन लावलं, त्यात ती पायरी नाही. अशा वेळी पत्र आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधीला पाठवायचं. मजकूर तोच वापरा, फक्त मतदारसंघातल्या नोकऱ्या पहिल्या परिच्छेदात आणा.

आम्ही नाशिकचे द्राक्ष उत्पादक, वाइनरीला माल देतो. आम्हाला उलट आयात शुल्क हवं आहे. भारतात आमचं म्हणणं कुठे मांडायचं?

तुमचं म्हणणं आम्ही खोडून काढणार नाही. संरक्षण मागणारेही हरकतीच नोंदवतात, आणि शुल्क कमी झालं की स्वस्त मालाचा फटका आधी वाइनरीला आणि मग तुमच्या बागेला बसतो. भारतात आयात वाइनवरचं एकूण शुल्क 150 टक्के. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या, 29 डिसेंबर 2022 पासून लागू असलेल्या करारात 750 मिलीची बाटली पाच डॉलरहून महाग असेल तर ते लगेच 100 टक्क्यांवर आलं आणि दहा वर्षांत 50 वर येईल. पंधरा डॉलरवरच्या बाटलीला आधी 75, शेवटी 25. पाच डॉलरच्या खालच्या मालाला सवलत नाही, आणि तुमचं खरं संरक्षण त्या किमतीच्या उंबरठ्यात आहे. पुढच्या कोणत्याही करारात झगडायचं ते त्यासाठी.

अमेरिकेत कलम 301 खाली असते तशी जाहीर हरकतींची पद्धत आपल्याकडे करारांना नाही. वाणिज्य मंत्रालय उद्योगांच्या संघटनांशी बोलतं, अर्थसंकल्पाआधी अर्थ मंत्रालय सूचना मागवतं. म्हणून एकट्याने नको, संघटनेमार्फत जा. सोबत एकरी उत्पादन खर्च, वाइनरीशी असलेला कराराचा भाव आणि तोच माल खाण्याच्या द्राक्षांच्या बाजारात का विकता येत नाही याचं कारण द्या. अँटी-डंपिंगच्या, म्हणजे परदेशी माल अवाजवी स्वस्तात ओतल्याच्या तक्रारीच्या, चौकशीत मात्र रीतसर पक्षकार होता येतं आणि तिथेही गोपनीय व खुली अशा दोन प्रती लागतात.

पत्र दाखल केल्यावर त्यात चूक सापडली तर?

मुदत संपली नसेल तर दुरुस्त पत्र पुन्हा दाखल करा आणि पहिल्या ओळीत लिहा की हे अमुक पोचक्रमांकाच्या पत्राऐवजी आहे. तो क्रमांक दाखल करतानाच पडद्यावर येतो, त्याचा फोटो काढून ठेवा. पत्र जाळ्यावर दिसायला काही दिवस लागू शकतात, तेवढ्यावरून ते हरवलं असं समजून तीनदा पाठवू नका. मुदत बहुधा पूर्व अमेरिकेच्या वेळेप्रमाणे रात्री 11.59 ची असते, हिवाळ्यात भारतात दुसऱ्या दिवशी सकाळी 10.29. सुनावणीत बोलायचं असेल तर त्याच्या अर्जाची तारीख पुष्कळदा हरकतींच्या आधी येते आणि अर्जासोबत भाषणाचा सारांश लागतो. ती तारीख अधिसूचनेत वेगळ्या ओळीत असते, आधी तीच शोधा.