जुन्या ट्रकच्या केबिनमधली थंडी आणि रस्त्याचा आवाज कमी करायला आतून काय लावावं?

ट्रक पंचवीस वर्षांचा, हीटर चालू असूनही पाय गारठतात, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. आतून सगळीकडे डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर जिरवणारी चिकट शीट, लावली तर दोन्ही त्रास जातील का, असं तुम्ही विचारलंय. आवाजाचा अर्धामुर्धा जाईल. थंडीचा नाही.

हे ठामपणे सांगतोय कारण मी नेमकं हेच करून बसलो होतो. खाली, दारांत, मागच्या पत्र्यावर बोटभर जागा न सोडता शीट लावली. दार लावल्यावर पूर्वी डबा आपटल्यासारखा आवाज यायचा, तो भारदस्त 'धप्' झाला, त्यावर मी खूश! पहिल्याच थंडीत डावा पाय मात्र आधीइतकाच बधिर. क्लचच्या पेडलमागे हात घातला तेव्हा कळलं, वारा तिथून सरळ आत येत होता. कधीकाळी काढून टाकलेल्या एका केबलचं भोक, त्यातलं रबर केव्हाच गळून गेलेलं.

म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी भोकं शोधा. रात्री इंजिन बंद ठेवून बॉनेटखाली प्रखर दिवा लावा आणि केबिनच्या अंधारात बसून पेडलांमागे, डॅशबोर्डखाली बघा. उजेडाचा ठिपका दिसला की सापडलं. वायरी पत्र्यातून जातात त्या भोकांतली रबरी कडी (ग्रॉमेट), स्टिअरिंगचा दांडा जिथून खाली जातो ती जागा आणि गिअर लिव्हरच्या बुडाचं रबरी आवरण (बूट) हे नेहमीचे गुन्हेगार. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर तिथलं रबर मेलंय, ते बदला. आवाजाचंही हेच गणित आहे. पत्र्यात फक्त 1 टक्का जागा उघडी राहिली, तर बाकीच्या पत्र्यावर कितीही जाड थर चढवा, एकूण आवाज 20 डेसिबलपेक्षा जास्त कमी होत नाही. आणि सायलेन्सरचा पाइप गळत असेल तर याच भोकांतून कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, तेव्हा पाइपही तपासून घ्या.

आता शीटचं. बुटाइल, म्हणजे एक चिकट रबर, आणि वर अॅल्युमिनियमची फॉइल अशी ती असते. पत्रा थरथरतो तेव्हा ती थरथर बुटाइलमध्ये जिरते, एवढंच तिचं काम. दोन मिलीमीटरच्या थराने थंडी अडत नाही. शिवाय ती सगळीकडे लागतही नाही. पत्र्यावर बोटांनी टकटक करा, जिथे ढोलासारखा घुमतो तिथे मधोमध तुकडा लावा. सपाट भागाचा पाव ते अर्धा हिस्सा झाकला की बराचसा फायदा मिळतो. रोलरने इतकं दाबा की फॉइलवरची नक्षी सपाट व्हावी. छतांच्या गळतीवर लावायची डांबरी पट्टी स्वस्त पडते म्हणून कोणी सुचवेल. उन्हात तिचा वास डोकं उठवतो आणि ती ओघळते.

थंडी अडवतो तो फोम, कारण त्यात हवा कोंडलेली असते. बंद छिद्रांचाच घ्या, स्पंजसारखा पाणी पिणारा नको. खाली, मागे आणि छताला तो लावला की फरक पायांना कळतो. चकचकीत बबलवाली शीट पत्र्याला चिकटवून काही होत नाही. फॉइलसमोर हवेची पोकळी असेल तरच ती उष्णता परतवते. इंजिन केबिनखाली असेल तर त्याच्या झाकणाला साधा पॉलिइथिलीन फोम लावू नका, तो मऊ पडून वितळतो. तिथे उष्णता सोसणारं, इंजिनसाठीचंच मटेरियल हवं.

टायरची घरघर आणि इंजिनचा आवाज उरतोच. त्याला वजन लागतं. जड व्हिनाइलची चादर मिळते, चौरस मीटरला साधारण पाच किलोची. ती फोमवर अंथरायची, पत्र्यावर थेट नाही, आणि जोड टेपने बंद करायचे. खाली आणि इंजिनकडच्या भिंतीला ती घातलीत तर पैसे वसूल. छताला मात्र नको, लोंबत राहते. टायरची नक्षीच खडबडीत असेल तर घरघर कमी होईल, जाणार नाही.

माझी दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडली. समोरच्या काचेचं रबर झिरपत होतं, मी ते न बघता खाली जाड नमदा अंथरला. दोन पावसाळ्यांनी उचलला तर खालचा पत्रा बिस्किटासारखा तुटत होता. तेव्हा सगळं उघडलंयत तसं पाइपने पाणी मारून बघा, कोणी तरी आत टॉर्च घेऊन बसू दे. गंज घासून काढा, प्रायमर मारा, पूर्ण वाळू द्या. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात. ती मात्र बुजवायची नाहीत, हौसेने शीट लावताना तीच पहिली झाकली जातात.

आणि हीटर चालू असूनही पाय गार म्हणता, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, आधी बघा. तो उघडाच अडकला असेल तर इंजिन पुरेसं तापतच नाही, हीटरला गरम पाणी मिळत नाही. अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा खालीच रेंगाळत असेल, तर फोमच्या दुकानात जाण्याआधी मेकॅनिककडे जा.