सिट्रा पहिल्यांदा वापरताना

सिट्रा ही हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांची, एक जात. तिच्यात अल्फा आम्ल (उकळीत कडूपणा देणारा घटक) साधारण ११ ते १३ टक्के असतं, म्हणजे कडूपणा झपाट्याने चढतो. २० लिटरच्या पेल एलला (फिकट रंगाची बिअर) उकळीच्या सुरुवातीला १० ग्रॅम पुरे. त्यातून १४-१५ आयबीयू (कडूपणाचं एकक) मिळतात. पाकिटावरचा अल्फा आम्लाचा आकडा मात्र दर वेळी बघा, पीक बदललं की तोही बदलतो.

सिट्राची खरी गंमत वासात आहे: मोसंबी, आंबा, लिची. हा वास देणारी तेलं उकळीत उडून जातात. म्हणून आच बंद करा, वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) ८० अंशांपर्यंत उतरू द्या, मग ४० ग्रॅम घालून २० मिनिटं ठेवा आणि लगेच थंड करा.

ड्राय हॉपिंगला, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यात थेट हॉप्स घालायला, ६० ते ८० ग्रॅम, तीन दिवस. जास्त ठेवलंत तर गवतासारखी चव येते. झाकण उघडझाप करू नका. हवा शिरली की रंग तपकिरी पडतो नि वास मरतो. आणखी एक, हॉप्समधली एन्झाइम्स उरलेली साखर मोडून आंबणं पुन्हा सुरू करतात. घाईत बाटल्या भरल्या तर त्या फुटू शकतात, तेव्हा हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता, त्यावरून उरलेली साखर दाखवणारं उपकरण) माप सलग तीन दिवस तेच आल्याशिवाय भरू नका.

उरलेलं पाकीट हवा काढून फ्रीझरमध्येच ठेवा.