आमचे डॉक्टर मेडिक्लेमच्या यादीत आहेत का?

काकांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते, तेव्हा सांगलीचं हे जोडपं मेडिक्लेमबद्दल विचारायला माझ्याकडे आलं. काकांची कुपवाडच्या एका कारखान्यात तीस वर्षं नोकरी झाली. मधुमेह जुना, शिवाय २०२१ मध्ये अँजिओप्लास्टी झालेली. काकूंचे गुडघे दुखतात. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबरच संपणार होता. काकूंनी पिशवीतून दोन कंपन्यांची माहितीपत्रकं काढून माझ्यासमोर ठेवली. "ताई, यातल्या कुठल्या पॉलिसीत आमचे डॉक्टर आहेत तेवढं सांगा."

हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकते, आणि मुलं त्यावर "कुठलेही डॉक्टर चालतील की" असं म्हणतात तेही ऐकते. मला ते पटत नाही. अँजिओप्लास्टीच्या त्या रात्री मिरजेचे डॉक्टर दोन वाजता स्वतः आले होते आणि आत जाण्याआधी "तुम्ही बसा, मी आहे" असं काकूंना सांगून गेले होते. हे सांगताना काकूंचा आवाज अजूनही कापत होता. साठीनंतर इतका भरवसा टाकावा असा माणूस पुन्हा कुठे शोधायचा? तो हट्ट नाही, तो उपचाराचाच भाग आहे.

फक्त प्रश्न थोडा बदलावा लागतो. आपल्याकडच्या नेहमीच्या मेडिक्लेममध्ये यादी असते ती हॉस्पिटलांची, डॉक्टरांची नाही. दवाखान्यातली तपासणी फी तर बहुतेक पॉलिसींत बसतच नाही. म्हणून मी विचारलं, "ॲडमिट करायची वेळ आली, तर तुमचे डॉक्टर तुम्हाला कुठे नेतील?" काका म्हणाले, "मागच्या वेळी होतं तिथंच." खात्री मात्र नव्हती. आठवड्याने विचारून आले, तर डॉक्टरांनी ते हॉस्पिटल केव्हाच सोडलं होतं. आता ते मिरजेतल्याच दुसऱ्या दोन ठिकाणी पेशंट ठेवत होते. माहितीपत्रकात नेमकं जुनं हॉस्पिटल पाहून काका निर्धास्त झाले होते.

मग आम्ही तिघांनी मिळून एक कागद केला. डॉक्टर ॲडमिट करतात ती दोन हॉस्पिटलं, रात्री-अपरात्री घरापासून सर्वांत जवळचं एक, आणि काकूंच्या गुडघ्यांसाठी पुण्यातलं एक, कारण लेक तिथे आहे. प्रत्येक ठिकाणच्या मेडिक्लेम डेस्कला काकांनी स्वतः फोन केला. विमा कंपनीची यादी बघावीच, पण खरी खबर या डेस्कवरच्या माणसांकडे असते. एका ठिकाणी कळलं, की यादीत नाव असूनही त्या कंपनीचं कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीने परस्पर हॉस्पिटलला देण्याची सोय, सध्या बंद आहे. जावयांनी सुचवलेली स्वस्त पॉलिसी तिथेच मागे पडली. पुण्याचाही एक मुद्दा निघाला. काही पॉलिसींत शहरांचे झोन असतात. सांगलीच्या दराने हप्ता भरून मोठ्या शहरात उपचार घेतले, तर बिलाचा ठरावीक टक्का आपल्याला भरावा लागतो.

यादीबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागण्याची सोय जानेवारी २०२४ पासून झाली आहे. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर ४८ तास आधी, तातडीने ॲडमिट व्हावं लागलं तर त्यानंतर ४८ तासांच्या आत कंपनीला कळवायचं. पण मंजुरी मिळेलच असं नसतं. मी तिला आधार मानते, भिस्त ठेवत नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला खोलीभाड्यावर. पाच लाखांची पॉलिसी आणि खोलीची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. काकांना वाटलं, ८,००० ची खोली घेतली तर वरचे तीन हजार आपण भरू, त्यात काय एवढं. मी कागदावर मांडून दाखवलं. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. असा खर्च १,६०,००० झाला तर कंपनी धरणार १,००,०००, उरलेले ६०,००० खिशातून. औषधं आणि इम्प्लांट या कपातीत येत नाहीत, एवढाच दिलासा. काका बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. डॉक्टर तेच, हॉस्पिटल तेच, यादीतही आहे, तरी घरची ठेव मोडायची वेळ येते ती इथे.

पॉलिसी बदलण्याची घाई मी थांबवली ती मात्र वेगळ्या कारणाने. नवी पॉलिसी घेतली की आधीपासूनच्या आजारांचा खर्च मिळायला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुप मेडिक्लेममधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत गेलं, तर ग्रुपमध्ये आधी झालेली वर्षं जुन्या विमा रकमेपुरती मोजली जातात. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसासाठी ही वर्षं फार मोलाची. अर्ज मात्र ग्रुपचं संरक्षण संपायच्या आधी करायचा आणि साखर, स्टेंट (अँजिओप्लास्टीत बसवलेली जाळी) सगळं स्पष्ट लिहायचं. कुणीतरी काकांना "स्टेंटचं लिहू नका" असा सल्ला दिला होता. त्यावर मी जरा चिडलेच. लपवलेला आजार दाव्याच्या दिवशी बाहेर येतो, आणि त्या दिवशी काकू काउंटरवर एकट्या उभ्या असतात. पुढे कंपनी बदलावीशी वाटलीच तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा, म्हणजे झालेली वर्षं न गमावता दुसऱ्या कंपनीत जाण्याचा अर्ज करता येतो.

बोलता बोलता निघालं, की घरी काकांच्या ८४ वर्षांच्या आई आहेत. त्यांचा विमाच नव्हता. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. पॉलिसीचं ठरायच्या आधी काकांनी आईंचं कार्ड काढून घेतलं आणि योजनेतलं जवळचं हॉस्पिटलही बघून ठेवलं.

शेवटी ग्रुप मेडिक्लेमच्याच विमा कंपनीची, खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी त्यांनी निवडली. हप्ता जावयांच्या पॉलिसीपेक्षा बराच जास्त आहे. मिरजेची दोन्ही हॉस्पिटलं आणि पुण्याचं तिच्या यादीत आहेत. घराजवळचं छोटं नर्सिंग होम नाही. तिथे आधी बिल भरून मग दावा करावा लागेल, म्हणून काकांनी लाखभर रुपये वेगळे ठेवले आणि नर्सिंग होमची नोंदणी चालू असल्याचंही विचारून घेतलं.

पॉलिसीचे कागद हातात आल्यावर मला दाखवायला दोघं पुन्हा आले. न पटल्यास परत करायला ३० दिवस असतात, म्हणून आम्ही एकेक पान वाचलं. काकूंनी पिशवीतून एक पुठ्ठा काढला. त्यावर ठळक अक्षरांत डॉक्टरांचा नंबर, खाली दोन्ही हॉस्पिटलांच्या मेडिक्लेम डेस्कचे नंबर आणि पॉलिसी क्रमांक. फोनच्या शेजारी लावणार होत्या. "रात्री चष्मा सापडला नाही तरी वाचता आलं पाहिजे," म्हणाल्या.