व्हीलचेअर दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

तासगावचे एक वाचक लिहितात: ‘माझे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे आणि झेरॉक्सचे दुकान असून महिन्याला सुमारे २८,००० रुपये हाती राहतात. सहा वर्षांची इलेक्ट्रिक व्हीलचेअर हल्ली अर्ध्या वाटेत बंद पडते. दोन बॅटऱ्यांचे १४,५०० आणि एका मोटरचे ९,००० असा २३,५०० रुपये खर्च सांगितला आहे. नवी ९८,००० रुपयांना असून १८ महिने ६,२०० रुपयांचा हप्ता बसेल. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे करसवलतही मिळेल. बँकेत १,४०,००० रुपयांची मुदत ठेव आहे. काय करावे?’

सांगाड्याच्या वेल्डिंगला तडा गेलेला नसेल आणि जॉयस्टिकचा कंट्रोलर, म्हणजे मोटरला हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक भाग, ठीक असेल, तर माझ्या मते दुरुस्तीच करावी. बॅटऱ्या दोन वर्षे चालल्या असे धरले, तर २३,५०० रुपयांचा भार महिन्याला सुमारे ९८० रुपये पडतो. नवी खुर्ची सहा वर्षे वापरली तरी त्या काळात बॅटऱ्या दोनदा बदलाव्या लागतील. तो २९,००० रुपयांचा खर्च मिळवला की हाच भार महिन्याला सुमारे १,७६५ रुपये होतो, आणि हप्त्याने घेतल्यास १,९५० च्या पुढे जातो. हप्त्यांची बेरीज १,११,६०० रुपये होते. हे व्याज घटत्या शिलकेवर मोजले तर वर्षाला १७ टक्क्यांच्या आसपास जाते, जे ‘सोपा हप्ता’ या शब्दांमागे सहज लपते.

मात्र २३,५०० रुपयांचा आकडाही तपासून घ्यावा. बहुतेक अशा खुर्च्यांत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस व्होल्ट मिळवलेले असतात, त्यामुळे त्या जोडीनेच बदलाव्यात. एक जुनी ठेवून केलेली काटकसर नव्या बॅटरीचेही आयुष्य खाते. मोटारसायकलची किंवा कारची बॅटरी स्वस्त पडते म्हणून बसवू नये, कारण ती इंजिन सुरू करण्यापुरता क्षणिक जोर देण्यासाठी बनवलेली असते, तासन्‌तास रिकामी होत राहण्यासाठी नाही. त्याआधी चार्जर तपासून घ्यावा, कारण तोच बिघडलेला असेल तर नव्या बॅटऱ्याही त्याच वाटेने जातील. मोटरच्या बाबतीत ‘फक्त कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे) झिजले आहेत का?’ एवढे विचारावे. तसे असल्यास पूर्ण मोटर बदलण्याचे कारण उरत नाही आणि ९,००० रुपयांचा बराचसा भाग वाचतो.

आपल्या पत्रात नसलेला एक खर्च मात्र मला सर्वांत मोठा वाटतो. महिन्याचे २५ दिवस दुकान उघडे असेल, तर आपली रोजची कमाई १,१२० रुपये आहे. खुर्ची दहा दिवस दुरुस्तीत अडकली आणि दुकान बंद राहिले, तर ११,२०० रुपये जातात, म्हणजे जवळजवळ निम्मी दुरुस्ती. म्हणून किती दिवस लागतील ते लेखी घ्यावे आणि घरात हाताने ढकलायची जुनी खुर्ची पडून असेल, तर ती आधी तयार ठेवावी. त्यासाठी सायकलवाल्याकडे तिला ट्यूब बसवून घ्यावी, पुढच्या छोट्या चाकांत गुंडाळलेले केस आणि धागे काढावेत आणि टायरमध्ये पुरेशी हवा ठेवावी. हवा कमी असली की टायरवर दाबणारा ब्रेक घसरतो.

करसवलतीचा मुद्दा बाजूला ठेवावा. जुन्या करप्रणालीतील अपंगत्वाची वजावट प्रमाणपत्रावर मिळते, खुर्चीच्या बिलावर नाही. शिवाय आपल्या उत्पन्नावर कोणत्याच प्रणालीत कर बसत नाही. त्याऐवजी समाजकल्याण विभागाकडे दिव्यांगांना साहाय्यक साधने मिळवून देणाऱ्या केंद्राच्या ‘एडीप’ योजनेची चौकशी करावी. महिन्याला २२,५०० ते ३०,००० रुपये उत्पन्न असणाऱ्यांना तिथे साधनाच्या खर्चाचा निम्मा भाग मिळू शकतो. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधीही असतो, त्यामुळे नगरपरिषदेतही एक अर्ज द्यावा.

दुरुस्तीनंतर दरमहा १,५०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडावे. दोन वर्षांत व्याज सोडून ३६,००० रुपये होतील आणि पुढच्या बॅटऱ्यांचा खर्च निघेल. कंट्रोलरच गेला असल्याचे निघाले, तर नवी खुर्ची घ्यावी लागेल. तेव्हा ठेव न मोडता तिच्यावर बँकेतून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेवीच्या तारणावरचे कर्ज, घ्यावा, कारण त्याचा दर साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच अधिक असतो, आणि सुटे भाग सांगली-कोल्हापुरात मिळतात याची खात्री झाल्यावरच पैसे द्यावेत.