तुमचं सांगून झालं का?

वाचकांचे प्रश्न
(व्यसनातून सावरणाऱ्या मुलामुलींबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर पीअर कौन्सेलर, म्हणजे स्वतः व्यसनातून बाहेर पडून इतरांना सोबत करणारी समुपदेशक, म्हणून काम करणाऱ्या ताई या सदरातून उत्तरं देतात. पत्रलेखकांची नावं छापली जात नाहीत.)

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा आहे. दारू आणि गोळ्या सोडून सव्वादोन वर्षं झाली. ज्या केंद्रात मी दाखल होतो, तिथेच नव्या मुलांसाठी पीअर कौन्सेलर म्हणून ये, असं मला सांगताहेत. माझ्याकडे मानसशास्त्राची पदवी नाही. फक्त अनुभव आहे. तेवढ्यावर जमेल का?

उत्तर : जमेल. पण त्या अनुभवाचं करायचं काय, हे शिकावं लागतं. मला ते फजिती होऊन कळलं.

कामाला लागून महिनाही झाला नव्हता. १७ वर्षांचा एक मुलगा माझ्यासमोर आणून बसवला. टोपी डोळ्यांवर ओढलेली. खुर्चीचं रेक्झिन फाटलं होतं आणि आतला फोम तो बोटानं उकरत होता. हा बोलत नाही तर आपण बोलावं, म्हणून मी माझी कहाणी सुरू केली. कॉलेजात असताना लागलेलं खोकल्याचं औषध, मग झोपेच्या गोळ्या, आईच्या कपाटातले पैसे, शेवटी हॉस्पिटल. चाळीस मिनिटं. मधे मला रडूही आलं. थांबले तेव्हा त्याच्या पायाशी पिवळ्या फोमचा छोटा ढीग झाला होता. तो म्हणाला, “तुमचं सांगून झालं का? मग मी जाऊ?”

तो गेला आणि मला चक्क हलकं वाटलं. घोळ तिथेच होता. तास त्याचा होता आणि ओझं माझं उतरलं होतं. माझ्या सुपरवायझर बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “ही गोष्ट कुणासाठी सांगितलीस?” आजही तोंड उघडण्याआधी तो प्रश्न मी स्वतःला विचारते.

पुढच्या आठवड्यात तो परत आला (का आला, देव जाणे). मी विचारलं, “झोप लागते का?” “नाही.” म्हटलं, “मलाही पहिले दोन महिने लागत नव्हती. रात्री तीनला छताकडे बघत पडलेली असायचे.” एवढंच. त्यानं टोपी मागे सरकवली. “मग कधी लागायला लागली?”

आपला अनुभव असा चिमटीनं वापरायचा असतो.

एकमेकांच्या आधारानं दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेची सुरुवातही अशीच आहे. दारू सोडल्यावर पहिले काही महिने तिचा एक संस्थापक बिल विल्सन न्यूयॉर्कमधल्या दारुड्यांना गाठून प्रवचनं देत होता. त्यातला एकही सुधारला नाही. त्याच्यावर उपचार केलेल्या डॉ. सिल्कवर्थनी त्याला सांगितलं, प्रवचन बंद कर. मे १९३५मध्ये धंद्याचं काम फिसकटून तो अमेरिकेतल्याच अॅक्रन शहरातल्या एका हॉटेलात अडकला. समोर बार. त्यानं बारकडे न जाता फोन फिरवायला घेतले, बोलायला कुणी दारुडा मिळतो का म्हणून. त्यातून भेटले डॉ. बॉब स्मिथ, स्वतः दारूत बुडालेले. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही, असं ठरवून आलेले बॉब तासन्‌तास बसून राहिले. या वेळी बिल कुणाला सुधारायला गेला नव्हता, स्वतः टिकायला गेला होता.

बाकी काम फार नाट्यमय नाही. व्यसन सोडणाऱ्यांच्या पहिल्या मीटिंगला कुणी एकटं जायला घाबरतं, त्याच्याबरोबर जायचं. डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत बाकावर बसायचं. जुन्या मित्राचा ‘ये ना’ म्हणून फोन आला तर काय बोलायचं, त्याची तालीम करायची. मी अशा वेळी तो मित्र होते आणि मुलं खो खो हसतात. तलफ आली की ती लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तो अर्धा तास फोनवर काहीबाही बोलत राहायचं.

निदान करणं आपलं काम नाही आणि औषधांना हात लावायचा नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्यातलेच काही जुने लोक मुलांना म्हणतात, “गोळीवर आहेस म्हणजे तू क्लीन नाहीस.” मला याचा संताप येतो. हेरॉइनसारख्या नशेची तलफ आवरायला डॉक्टर देतात ती ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधं २००५पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. आपल्या शेऱ्यामुळे पोरानं गोळी बंद केली आणि तो पुन्हा नशेकडे वळला, तर आपण काय तोंड दाखवणार?

हो म्हणण्याआधी केंद्राला तीन गोष्टी विचार. माझं सुपरव्हिजन कोण करणार? पगार किती आणि कामाचे तास किती, हे लेखी देणार का? आणि मीच घसरलो तर माझ्या नोकरीचं काय? तिसऱ्या प्रश्नावर ते गडबडले, तर दुसरं केंद्र बघ. ‘बरा झालाय, आता फुकट राबेल’ असा हिशेब मी पाहिला आहे. आणि स्वतःच्या मीटिंगा सोडू नकोस. तिथे तू कौन्सेलर नाहीस.

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा हेरॉइनच्या नादाला लागला होता. तीन आठवड्यांपूर्वी केंद्रातून घरी आला. तो बाहेरून आला की मी त्याचे खिसे बघते, शर्टाचा वास घेते. बाथरूममध्ये जास्त वेळ लागला तर दार वाजवते. तो चिडतो. पण लक्ष ठेवणं सोडलं आणि पुन्हा सुरू झालं तर?

उत्तर : माझ्या आईनं माझी खोली कितीदा उलथीपालथी केली असेल, त्याला गणती नाही. गोळ्या सॅनिटरी पॅडच्या पाकिटात असायच्या. तिचा हात तिथे कधी गेला नाही. तपासणीमुळे मी थांबले नाही, लपवण्यात तेवढी तरबेज झाले.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मेयर्स यांनी घरच्यांसाठी ‘क्राफ्ट’ नावाची पद्धत बसवली. तिचं सार माझ्या शब्दांत सांगते. मूल शुद्धीत असताना जवळ जायचं, नशेत असताना शांतपणे बाजूला व्हायचं. आपल्या घरांत बरोबर उलटं होतं. तो ठीक असतो तेव्हा आपण दमून आपापल्या कामात असतो आणि नशेत आला की रात्रभर त्याच्याभोवती घर जागतं. तो आज तुमच्याशेजारी बसून दहा मिनिटं बोलला, तर त्याला तसं सांगा : “बसलास, बरं वाटलं.” त्याला जोडून ‘असंच आधी वागला असतास तर’ हे वाक्य येऊ देऊ नका. ते जिभेवर येतंच. गिळायचं.

तपासणी एका दिवसात सुटणार नाही, मला माहीत आहे. पण लघवीची तपासणी किंवा आणखी काही हवंच असेल, तर ते तो, तुम्ही आणि कौन्सेलर मिळून ठरवा. कधी, कुणी, आणि निकाल वाईट आला तर पुढे काय, सगळं. दारावर अचानक थाप नको.

आता यापुढचं दोनदा वाचा. केंद्रात राहिल्यानं त्याच्या शरीराची सवय मोडलेली आहे. पूर्वी जेवढं पचायचं, तेवढंच आज घेतलं तर जीव जाऊ शकतो. बाहेर आल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणून सगळ्यात धोक्याचे. हाका मारून, हलवून उठत नाही, श्वास मंद किंवा घरघरता, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं तर आधी अँब्युलन्स बोलवा. नालोक्सोन हे हेरॉइन जास्त झाल्यावर द्यायचं उताऱ्याचं औषध आहे. ते घरी ठेवता येईल का आणि कसं द्यायचं, हे त्याच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. ते दिल्यावर डोळे उघडले तरी हॉस्पिटलला न्यायचंच, कारण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा आणि त्याला एकटं सोडू नका. श्वास बंद पडला असेल तर फोनवरचे लोक सांगतील तसं करत राहा.

हे त्यालाही मोकळेपणानं सांगा. नशेबद्दल बोलल्यानं नशेची आठवण होते, ही आपली समजूत. त्याला ती आठवण तशीही असतेच.

घसरण झाली तर सगळं पाण्यात गेलं, असंही धरू नका. उपचार घेतलेल्यांत ४० ते ६० टक्के लोक कधी ना कधी घसरतात, असा अमेरिकेतल्या अभ्यासांचा आकडा आहे. रक्तदाबाच्या आणि दम्याच्या रुग्णांचंही साधारण असंच होतं. त्यांना मात्र आपण नालायक म्हणत नाही.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा आहे, रोज भरपूर पितो. या शनिवार-रविवारी खोलीत बंद करून दारू सोडवायची असं आम्ही घरच्यांनी ठरवलं आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, ताप, थरथर सुरू होऊ शकते आणि त्यात माणूस दगावू शकतो. सोमवारपर्यंत थांबा आणि डॉक्टरकडे न्या. आधीच बंद केली असेल, तर आत्ताच न्या.

प्रश्न : मी १५ वर्षांची आहे. दादा उपचार घेतोय. घरात सगळे त्याच्याबद्दलच बोलतात. मला ९१ टक्के पडले ते आईला दोन दिवसांनी कळलं. मला दादाचा राग येतो आणि राग आला म्हणून स्वतःचा पण येतो.

उत्तर : ९१! अभिनंदन. आधी ते.

राग येणारच. माझा धाकटा भाऊ मी बरी झाल्यावर तीन वर्षं माझ्याशी धड बोलला नाही. चौथ्या वर्षी म्हणाला, “तुझ्यामुळे माझा एकही वाढदिवस नीट झाला नाही.” खरं होतं. मी फक्त “हो” म्हटलं.

तुझ्यासारखी मुलं पूर्वीपासून आहेत. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी १९५१मध्ये अल-अॅनॉन हा आधारगट सुरू झाला आणि १९५७मध्ये खास मुलामुलींसाठी अॅलाटीन. तिथे पहिल्यांदा हेच सांगतात की हे तू केलेलं नाहीस, तू ते बरं करू शकत नाहीस आणि तुझा त्यावर ताबाही नाही. दादाच्या केंद्रात फॅमिली मीटिंग असेल तर आईला म्हण, “मला पण यायचंय.” तिथे दादाबद्दल न बोलता स्वतःबद्दल बोललीस तरी चालतं.

प्रश्न : मी नवी पीअर कौन्सेलर आहे. २० वर्षांच्या एका मुलीनं मला सांगितलं, “मी परवा प्यायले. आईला सांगू नका.” तिची आई मला रोज रात्री ११ला फोन करून विचारते, “कशी आहे ती?” मी काय करू?

उत्तर : सांगू नकोस. ती सज्ञान आहे आणि तिनं ते तुला विश्वासानं सांगितलं आहे. तुझ्या सुपरवायझरला मात्र सांग, आणि सांगणार आहेस हे त्या मुलीला आधी कळू दे. जिवाला धोका, दुसऱ्याला इजा, लहान मुलाचा छळ यांपैकी काही असेल तर मी गप्प बसणार नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते. तू सांगितलं नसशील तर पुढच्या भेटीत सांग.

आईला खोटं ‘मस्त आहे’ म्हणू नकोस. म्हणायचं, “तिच्याबद्दल तिच्या माघारी मी बोलत नाही. तुमचं सांगा, झोप होते का?” माझ्या अनुभवात या प्रश्नावर पलीकडे आधी बराच वेळ शांतता असते आणि मग ती आई बोलायला लागते.

मुलीच्या बाबतीत, आईला कसं सांगायचं, यावर काम कर. माझ्याकडच्या एकीनं आईला पाठवायचा मेसेज माझ्यासमोर सात-आठ वेळा लिहिला आणि खोडला. शेवटी उरला तो असा : “घसरले. ओरडू नकोस. घरी येते.” मी त्यातलं एक अक्षर बदललं नाही.

आणि ११चा फोन घेऊ नकोस. तुझी वेळ ठरव, ती त्या आईला सांग आणि त्यानंतर अडचण आली तर लावायला केंद्राचा तातडीचा नंबर दे. पहिले चार-पाच दिवस फोन वाजेल. उशाशी ठेवू नकोस, दुसऱ्या खोलीत ठेव.