तीन वर्षांच्या घरात किती पैसा घालावा?

प्रश्न: गावाकडे सासऱ्यांच्या नावावर निवासी जागा आहे. तीन वर्षांत तिथे कायमचे घर बांधायचे आहे. तोवर भाड्याचे घर सोडून त्याच जागेवर चाकांवरचे टायनी हाऊस, म्हणजे ओढून नेता येणारे छोटे घर, आणून राहावे, असा आम्हा दोघांचा विचार आहे. बांधकामासाठी साठवलेल्या रकमेतले 55 टक्के नव्या टायनी हाऊसला लागतील. सध्याचे भाडे त्या रकमेच्या दरमहा 1 टक्का आहे. शिल्लक मोडावी की वैयक्तिक कर्ज काढावे?

उत्तर: शिल्लक की कर्ज हे नंतर ठरवू. आधी टायनी हाऊस घेणे परवडते का, ते पाहू.

तुमची शिल्लक 100 धरू. नवे टायनी हाऊस 55 ला आले. वाहतूक, क्रेन आणि बसवणे यांना 5, शेवटी काढून नेण्याला 4. चाकांवरचे घर जमिनीसारखे वाढत नाही, गाडीसारखे घटते. तीन वर्षांनी 30 आले तर नशीब समजा, म्हणजे 25 ची घट. हेच 55 सात टक्क्यांच्या ठेवीत राहिले असते, तर तीन वर्षांत साधारण 12 व्याज मिळाले असते. विमा, गॅस, टाकी उपसणे असे किरकोळ मिळून 4. बेरीज 50. समोर वाचलेले भाडे 36 आणि दरमहा वाचत गेलेल्या रकमेवरचे व्याज धरून 40. म्हणजे तुम्ही 10 ने तोट्यात.

आता तेच गणित वापरलेल्या घराचे करा. 30 ला घेतले, तीन वर्षांनी 20 ला गेले. घट 10, आणणे-नेणे 9, बुडालेले व्याज 7, किरकोळ 4. बेरीज 30, वाचलेले भाडे 40. इथे 10 चा फायदा. विक्रीचे आकडे माझा अंदाज आहेत. खरेदीआधी चार-पाच वर्षे जुनी घरे कितीला विकली जात आहेत ते स्वतः पाहा आणि आकडे बदलून गणित पुन्हा मांडा. बांधकाम रखडून पाच वर्षे राहावे लागले, तर नव्या घराचीही जेमतेम बरोबरी होते. पण तेवढी मुदत परवान्यात मिळेल का, हा वेगळा प्रश्न.

वरच्या हिशेबात जमिनीवरचा खर्च मी मुद्दाम धरलेला नाही. वीज, पाणी, सेप्टिक टँक, आतला रस्ता हे सगळे कायमच्या घराला उपयोगी पडणार असेल, तर तो बांधकामाचाच खर्च आहे, फक्त लवकर झालेला. तात्पुरते म्हणून जे स्वस्तात उरकाल, ते मात्र पुन्हा करावे लागेल.

विजेचेच पाहा. मीटरपासून घर 60 मीटरवर आहे आणि भार 5 किलोवॅट आहे असे धरू. 230 व्होल्टवर साधारण 22 अँपिअर होतात. तांब्याची 4 चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर वाटेतच सुमारे 12 व्होल्ट गळतात. दिवे मंदावतात, पंपाची मोटर तापते. 10 चौरस मिलिमीटरला ही घट 5 व्होल्टच्या आत राहते. वायर महाग वाटत असेल तर निदान चर एकदाच खणा आणि त्यात जाड पाइप टाकून ठेवा, म्हणजे पुढे मोठी केबल ओढता येईल.

सेप्टिक टँकही दोघांपुरती बांधू नका. कायमच्या घरात जितकी माणसे राहतील त्या मापाने बांधा, आणि शोषखड्डा विहीर-बोअरपासून 30 मीटर तरी लांब ठेवा. पाइपला 60 ला 1 असा उतार दिला तर 30 मीटरमागे अर्धा मीटर खोली वाढते. टायनी हाऊसची आतली फरशी जमिनीपासून उंच असते, त्यामुळे त्याचे पाणी कसेही उतरते. पुढे कायमच्या घराचे न्हाणीघर टाकीच्या तोंडापेक्षा खाली आले की पंपाशिवाय इलाज राहत नाही. म्हणून टाकीची पातळी कायमच्या घराच्या नकाशावरून ठरवा. नकाशा तयार नसेल, तर आधी त्यावर खर्च करा.

परवानगीबाबत एक गैरसमज सर्रास दिसतो: चाके आहेत म्हणजे बांधकाम नाही. बहुतेक ठिकाणी चाकांपेक्षा वापर पाहिला जातो. कोणी कायम राहते का, सांडपाणी जोडले आहे का, किती महिने? मुख्य घराचे बांधकाम चालू असेपर्यंत तात्पुरत्या निवासाची मुभा अनेक ठिकाणी मिळते, पण बांधकाम परवाना आधी लागतो. लेखी उत्तर हाती आल्याशिवाय टायनी हाऊसचा इसारा देऊ नका.

जागा सासऱ्यांची आहे, हा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिलात. मला तोच सर्वांत जड वाटतो. टायनी हाऊस उचलून नेता येईल, टाकी आणि केबल नाही. बक्षीसपत्र, वाटणी किंवा निदान नोंदणीकृत करार, जे वकील सुचवतील ते, चर खणण्याआधी करून घ्या. बोलायला अवघड आहे, मान्य. पण पुढे गृहकर्जासाठी बँक जागेच्या मालकीचे कागद मागणारच आहे.

वैयक्तिक कर्ज काढू नका. चाकांवरच्या घराला सहसा गृहकर्ज मिळत नाही. जे मिळते त्याचा दर जास्त आणि मुदत कमी. शिवाय तो हप्ता तुमच्या मिळकतीतून वजा धरूनच पुढचे गृहकर्ज मंजूर होईल. वापरलेले टायनी हाऊस शिल्लकीतून घ्या आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला राहील एवढे पाहा.

जुने घेताना वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या आणि ती अॅक्सलच्या (चाके जोडणाऱ्या दांड्याच्या) पाटीवरच्या क्षमतेशी ताडून पाहा. शॉवरखालची फळी आणि छताचे सांधे बोटाने दाबून बघा. लाकूड मऊ लागले तर निघून या. राहताना एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. एवढ्याशा जागेत दोघांच्या श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ भिंतींवर साचते, बुरशी धरते आणि विकताना भाव पाडते.

बसवताना भार टायरवर सोडू नका. 5 टनांचे घर सहा ठोकळ्यांवर ठेवले तर प्रत्येकावर सव्वाआठशे किलो येतात. 45 बाय 45 सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा, खाली 15 सेंटिमीटर दाबलेली खडी, एवढे मऊ जमिनीतही बहुधा पुरते. घर जमिनीला साखळ्यांनी बांधणे मात्र चुकवू नका. ताशी 140 किलोमीटरच्या वाऱ्यात 20 चौरस मीटरच्या भिंतीवर जवळपास 2 टनांचा दाब येतो.

शेवटी, टायनी हाऊस कुठे ठेवायचे? कायमच्या घराच्या पायापासून दूर आणि फाटकाच्या बाजूला. नवे घर, कुंपण, पाण्याची टाकी सगळे उभे राहिल्यावरही साडेतीन मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच मोकळी वाट उरली पाहिजे, वळणासकट. ती उरली नाही तर बाहेर काढायला मोठी क्रेन लागते, आणि वर धरलेले 4 पुरत नाहीत.